आडवाटेवरील दुचाकी व तीनचाकी वाहने : रचना, चालकाचे कौशल्य आणि सुरक्षितता

गोषवारा

रस्ता नसलेल्या प्रदेशात दोन किंवा तीन चाकांवर चालणारी वाहने घडविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात अनेक देशांत झाले. जर्मनीचे केटनक्राड, इटलीचे मोटो गुझ्झी ३×३, अमेरिकेचे रोकॉन, जपानी कंपनी होंडाचे तीनचाकी एटीसी, रशियातील घरगुती 'कराकात' आणि सौराष्ट्रातील 'बुलेट सांती' ही त्यांची ठळक उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात या वाहनांच्या रचनेचे तुलनात्मक विवेचन केले आहे. जमिनीवरील पकड, जमिनीवरील दाब आणि वळण हे तीन प्रश्न प्रत्येक रचनाकाराने कसे सोडविले, हे येथे पाहिले आहे. रचनाकार यंत्राकडून जे काम काढून घेतो ते नाहीसे होत नाही, ते चालकाच्या शरीरावर येऊन पडते. चालक प्रशिक्षित असेपर्यंत ही विभागणी निभावते. तेच वाहन अप्रशिक्षितांच्या, विशेषतः मुलांच्या हाती गेल्यावर मात्र तिची किंमत मोजावी लागते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : आडवाट, तीनचाकी वाहन, डिफरन्शियल, जमिनीवरील दाब, गुरुत्वमध्य, ग्राहक सुरक्षितता.

प्रस्तावना

वाहनाचा इतिहास हा बहुतांशी रस्त्याचाही इतिहास असतो. चाक कितीही उत्तम असले तरी त्याला आधार देणारी कठीण व सपाट भूमी नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. चिखल, वाळू, बर्फ, दगडगोट्यांची चढण, नांगरलेले शेत अशा ठिकाणी माणूस दीर्घकाळ पायांवर किंवा जनावरांवरच विसंबून होता. यांत्रिक शक्ती हाती आल्यानंतर या प्रदेशांतही वाहन नेण्याची निकड निर्माण झाली. तिला मिळालेली सर्वपरिचित उत्तरे म्हणजे ट्रॅक्टर, जीप आणि साखळीपट्ट्यांवर चालणारी वाहने. ही वाहने रुंद, जड व महाग असतात. अरुंद पाऊलवाट, दाट झाडी, विमानातून नेण्याची गरज किंवा अल्प भूधारकाची आर्थिक कुवत यांचा विचार केला, तर कमी चाकांच्या व हलक्या वाहनाची आवश्यकता स्पष्ट होते.

या आवश्यकतेतून जी दुचाकी व तीनचाकी वाहने निर्माण झाली ती दिसायला चमत्कारिक होती. त्यामुळे त्यांच्याकडे बहुधा कुतूहलाचा विषय म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः त्यांच्या चमत्कारिकपणामागे निश्चित कारणपरंपरा आहे. ती समजून घेतल्यास तंत्रज्ञान, बाजारपेठ आणि मानवी सुरक्षितता यांच्या परस्परसंबंधांवर प्रकाश पडतो. सर्व वाहनांची सूची देणे हा या लेखाचा हेतू नाही. तत्त्व स्पष्ट करणारी निवडक उदाहरणे येथे घेतली आहेत.

१. आडवाटेचे तीन प्रश्न

आडवाटेवर चालणाऱ्या कोणत्याही वाहनापुढे तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न पकडीचा. इंजिनची शक्ती कितीही असली तरी चाक घसरून जागच्या जागी फिरू लागले की ती व्यर्थ जाते. ज्या चाकांना शक्ती मिळते त्यांच्यावर वाहनाचा जितका भार असेल, तितकी पकड मिळण्याची शक्यता अधिक. साध्या मोटारसायकलीत फक्त मागच्या चाकाला शक्ती मिळते. पुढच्या चाकावरील भार पकडीच्या दृष्टीने वाया जातो, इतकेच नव्हे तर चिखलात ते चाक ढकलत न्यावे लागते.

दुसरा प्रश्न दाबाचा. मऊ जमिनीत वाहन रुतणे हे केवळ त्याच्या वजनावर अवलंबून नसते, ते वजन किती क्षेत्रफळावर पसरले आहे यावर ठरते. टायरचा जमिनीवरील दाब हा ढोबळमानाने त्याच्या आतील हवेच्या दाबाइतका असतो. मोटारीच्या टायरमध्ये हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम असतो. ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस चालताना क्षणभर एका पावलावर उभा असतो. पावलाचे क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस सेंटिमीटर धरले, तर त्याचा दाब ०.४ किलोग्रॅम भरतो. म्हणजे ज्या दलदलीतून माणूस कसाबसा चालत जातो तेथे मोटार का रुतते, हे सहज कळते.

तिसरा प्रश्न वळणाचा. तीन प्रश्नांत तो सर्वांत कमी दिसणारा, पण परिणामांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. वाहन वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. उदाहरणार्थ, दोन चाकांमधील अंतर ८० सेंटिमीटर असलेल्या वाहनाने अर्धवर्तुळाकार वळण घेतले, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे अडीच मीटर अधिक धावते. बैलगाडीत ही अडचण येत नाही, कारण तिची चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. चाकांनाच शक्ती पुरवायची असेल आणि दोन्ही चाके एका अखंड आसाला जखडलेली असतील, तर दोन्ही एकाच वेगाने फिरतात. अशा वेळी वळताना कोणत्या तरी एका चाकाला जमिनीवर घासावे लागते.

२. डिफरन्शियलचे कार्य व मर्यादा

वळणाच्या प्रश्नाचे यांत्रिक उत्तर म्हणजे डिफरन्शियल ही दंतचक्रांची योजना. ती दोन्ही चाकांना शक्ती देते, पण त्यांना भिन्न वेगांनी फिरण्याची मोकळीकही देते. या योजनेचा तीनचाकी वाहनांशी जुना संबंध आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली याने १८७७ च्या सुमारास पायडलच्या तीनचाकी सायकलीसाठी डिफरन्शियलचा वापर केला. कार्ल बेंझ याने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या वाहनाच्या पेटंटसाठी अर्ज केला तेही तीनचाकी होते आणि त्यात डिफरन्शियल होते. भारतीय शहरांतील ऑटोरिक्षाच्या मागील दोन चाकांमध्येही हीच योजना असते.

मग आडवाटेच्या वाहनांतून ती का वगळली गेली? डिफरन्शियलचा गुण आडवाटेवर दोष ठरतो. दोन चाकांपैकी एक चिखलात असेल किंवा अधांतरी उचलले गेले, तर साधे डिफरन्शियल त्या निराधार चाकालाच मोकाट फिरू देते आणि घट्ट जमिनीवरचे चाक स्वस्थ राहते. वाहन जागीच अडकते. याउलट अखंड आसावर एक चाक घसरले तरी दुसरे ओढत राहते. शिवाय अखंड आस स्वस्त, हलका व दुरुस्तीस सोपा असतो. पकड आणि वळण यांच्यातील हा विरोध पुढील सर्व वाहनांच्या मुळाशी आहे.

३. युद्धकाळातील प्रयोग

हा विरोध प्रथम मोठ्या प्रमाणावर अनुभवास आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, साइडकार जोडलेल्या लष्करी मोटारसायकलींत. अशा वाहनाला तीन चाके असतात, पण सामान्यतः एकाच चाकाला शक्ती मिळते. साइडकारच्या चाकालाही शक्ती दिल्यास चिखलातील पकड एकदम वाढते. ब्रिटिश सैन्यासाठी नॉर्टन कंपनीने ६३३ घनसेंटिमीटर इंजिनच्या 'बिग फोर' मोटारसायकलीत ही सोय केली. त्यात डिफरन्शियल नव्हते. चालकाने गरज पडेल तेव्हा खटक्याने साइडकारचे चाक जोडायचे आणि कठीण रस्त्यावर येताच ते सोडवायचे, अशी योजना होती. चाक जोडलेले असताना कठीण रस्त्यावर वाहन सरळ रेषेतच जाऊ पाही आणि हँडल वळविणे अतिशय जड जाई. युद्धानंतर ही वाहने नागरिकांना विकली गेली, तेव्हा साइडकारच्या चाकाकडे शक्ती नेणारी जोडणी काढून टाकण्यात आली. प्रशिक्षित सैनिकाच्या हाती जे साधन होते, ते सामान्य ग्राहकाच्या हाती संकट ठरेल, हे त्या वेळी ओळखले गेले होते.

जर्मनीने दुसरा मार्ग स्वीकारला. बीएमडब्ल्यू आर ७५ आणि त्स्युंडाप केएस ७५० या मोटारसायकलींत साइडकारच्या चाकासाठी डिफरन्शियल बसविण्यात आले आणि आवश्यकतेनुसार ते जखडून टाकण्याची सोयही केली गेली. मागील चाक व साइडकारचे चाक यांच्यावर भार सारखा नसतो. म्हणून शक्तीही असमान प्रमाणात विभागली जाई. मागे जाण्यासाठी गिअर होता, तसेच खडतर भूमीसाठी अतिरिक्त मंद गिअर होते. या यंत्रांनी चालकाकडून फारसे कसब मागितले नाही. त्यांनी मोबदला मागितला तो वजनाच्या व खर्चाच्या रूपाने. आर ७५ चे वजन साइडकारसह ४०० किलोग्रॅमहून अधिक भरे.

या मार्गाचे टोक म्हणजे केटनक्राड हे वाहन. एनएसयू कंपनीच्या या वाहनाची १९४० ते १९४४ या काळात ८,३४५ एकके तयार झाली. हाइनरिख एर्न्स्ट क्नीपकाम्प या अभियंत्याच्या कल्पनेतून ते साकारले. पुढे मोटारसायकलीचे चाक व हँडल, मागे रणगाड्यासारखे दोन साखळीपट्टे आणि मध्ये ओपेल ऑलिम्पिया मोटारीचे ३६ अश्वशक्तीचे इंजिन, असे त्याचे रूप होते. हवाई दलाच्या वाहतूक विमानातून नेता येईल इतके ते लहान होते, तरीही त्याचे वजन सुमारे दीड टन होते. पट्ट्यांमुळे भार मोठ्या क्षेत्रावर पसरत असे. म्हणून १९४१ नंतर सोव्हिएत भूमीवरील चिखलात व बर्फात ते तोफा ओढणे, टेलिफोनच्या तारा टाकणे अशा कामांसाठी वापरले गेले.

केटनक्राडच्या वळण्याची रीत लक्षणीय आहे. हँडल थोडे वळविले की केवळ पुढचे चाक वळत असे. हँडल आणखी वळविले की आतल्या बाजूच्या पट्ट्याला आपोआप ब्रेक लागे आणि वाहन त्या बाजूस वळे. त्यामुळे अत्यंत खडबडीत जागी पुढचे चाक काढूनही ते चालविता येई. म्हणजे मोटारसायकलीसारखे दिसणारे हे वाहन प्रत्यक्षात रणगाड्याच्या तत्त्वावर वळत होते आणि त्या दोन्हींतील दुवा चालकाऐवजी यंत्रच सांभाळत होते. त्याची किंमत देखभालीच्या रूपाने द्यावी लागली. एकमेकांत गुंतलेली चाके आणि वंगण लागणारे पट्ट्याचे सांधे यांमुळे त्याची निगा राखणे कष्टाचे होते. युद्धानंतर काही काळ शेती व वनकामासाठी त्याचे अल्प प्रमाणात उत्पादन झाले. शांततेच्या काळातील अर्थव्यवहारात एवढे गुंतागुंतीचे यंत्र टिकणे शक्य नव्हते.

४. युद्धोत्तर काळ : हलकेपणाकडे वाटचाल

युद्धानंतर डोंगराळ सीमा असलेल्या देशांच्या सैन्यांपुढे खेचरांना पर्याय शोधण्याचा प्रश्न होता. इटलीच्या आल्पिनी या पर्वतीय दलासाठी मोटो गुझ्झी कंपनीने १९६० च्या सुमारास ३×३ हे तीनचाकी वाहन तयार केले. जुलिओ चेझारे कार्कानो या अभियंत्याने त्यासाठी ७५४ घनसेंटिमीटरचे, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे दोन सिलिंडरांचे इंजिन वापरले. तिन्ही चाकांना शक्ती मिळत असे. पाऊलवाट अरुंद झाली तर मागील दोन चाकांमधील अंतर चालकाला बसल्या जागेवरून कमी करता येई. मागील चाकांभोवती पट्टे चढविण्याचीही सोय होती. तथापि अरुंद वाटेसाठी चाके जवळ घेतली की वाहन कलंडण्याचा धोका वाढे. खेचर ज्या वाटेवर स्वतःच्या चार पायांनी तोल सावरते, तेथे यंत्राचा तोल चालकाला सांभाळावा लागत होता. १९६३ च्या सुमारास हे उत्पादन थांबले.

अमेरिकेत शिकारी, वनरक्षक व पशुपालक यांच्यासाठी याच काळात वेगळा विचार सुरू झाला. कॅलिफोर्नियातील चार्ली फेन याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही चाकांना शक्ती देणारी मोटारसायकल तयार केली. पुढे ती 'रोकॉन ट्रेल-ब्रेकर' या नावाने प्रसिद्ध झाली आणि तिचे उत्पादन अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिले. तिची चाके रुंद, आतून पोकळ पिंपांसारखी आहेत. त्यांत पाणी किंवा इंधन साठविता येते. ती रिकामी ठेवली तर आडवी केलेली मोटारसायकल पाण्यावर तरंगते, म्हणून ओढा ओलांडताना ती ढकलत नेता येते. वळताना दुचाकीच्या पुढच्या चाकाला मागच्यापेक्षा लांबचा मार्ग कापावा लागतो. म्हणून पुढच्या चाकाला आवश्यक तेवढे पुढे धावण्याची मुभा या रचनेत ठेवलेली आहे.

रोकॉनचे यश तिच्या मर्यादांमध्ये आहे. तिचा वेग कमी ठेवण्यात आला. दुचाकी असल्यामुळे ती चालविणाऱ्यास तोल सांभाळण्याची नैसर्गिक सवय असतेच. हा तोल गेला तरी मंद गतीमुळे इजा मर्यादित राहते. रचनाकाराने चालकावर जे काम सोपविले ते चालकाला आधीपासून येत होते. याच कल्पनेची अधिक वेगवान आवृत्ती यामाहा कंपनीने २००४ मध्ये डब्ल्यूआर ४५० एफ २-ट्रॅक या मोटारसायकलीच्या रूपाने बाजारात आणली. तिच्यात पुढच्या चाकाकडे शक्ती नेण्यासाठी साखळीऐवजी दाबाखालील तेलाच्या नळ्यांचा वापर केला होता. मागचे चाक घसरू लागले की थोडी शक्ती आपोआप पुढे वळत असे.

५. होंडाचे तीनचाकी वाहन

आडवाटेची तीनचाकी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली ती होंडामुळे. अमेरिकेच्या थंड प्रदेशात हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री मंदावत असे. या काळात विक्रेत्यांना विकता येईल असे काहीतरी द्यावे, अशी मागणी होंडाच्या अमेरिकी शाखेने १९६७ मध्ये केली. हे काम ओसामू ताकेउची या अभियंत्याकडे आले. दोनपासून सहा चाकांपर्यंतच्या रचना विचारात घेतल्यावर बर्फ, चिखल व निसरड्या भूमीसाठी तीन चाकांची रचना सोयीची वाटली. प्रश्न दाबाचा होता. 'ॲम्फिकॅट' या सहा चाकांच्या जलस्थलगामी वाहनाचे फुगीर टायर पाहून त्यावर उत्तर सापडले. त्यावरून २२ इंच व्यासाचे, अतिशय कमी दाबाचे टायर तयार करण्यात आले.

या टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अवघा ०.१५ किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या पावलाच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी होता. १९७० मध्ये हे वाहन यूएस ९० या नावाने ५९५ डॉलर किमतीला विक्रीस आले. लवकरच त्याचे नाव एटीसी ९० झाले. ८९ घनसेंटिमीटरचे व ७ अश्वशक्तीचे साधे इंजिन, फुगीर टायर आणि अखंड मागील आस एवढाच त्याचा पसारा होता. वेगळी स्प्रिंग-व्यवस्था नव्हती, डिफरन्शियलही नव्हते. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर' या जेम्स बाँडच्या चित्रपटात हे वाहन झळकले आणि त्याची कीर्ती पसरली.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही रचना काटकसरीचा नमुना होती. पकड व दाब हे दोन प्रश्न अत्यल्प साधनांत सुटले होते. वळणाचा प्रश्न मात्र चालकावर सोपविण्यात आला होता. अखंड आसामुळे हँडल वळविले तरी वाहन सरळच जाऊ पाही. ते वळावे यासाठी चालकाने शरीराचा वरचा भाग वळणाच्या आत झुकवायचा आणि त्याच वेळी बाहेरच्या बाजूच्या पायटेकूवर भार द्यायचा. असे केल्याने आतील चाकावरील भार हलका होऊन ते घसरू शकते आणि वाहन वळते. या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या हालचाली एकाच वेळी साधणे हे शिकूनच येणारे कौशल्य आहे. सायकल किंवा मोटारसायकलीची सवय येथे उपयोगी पडत नाही. तोल जाताना पाय खाली टेकविण्याची तिची सहजप्रवृत्ती तर येथे घातक ठरते, कारण खाली टेकलेल्या पायावरून मागचे चाक जाऊ शकते.

त्यात भर पडली ती भूमितीची. तीन चाकांच्या आधाराने जमिनीवर एक त्रिकोण तयार होतो. वाहन व चालक यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून खाली येणारी रेषा जोपर्यंत या त्रिकोणात पडते, तोपर्यंत वाहन स्थिर असते. एक चाक पुढे असल्यामुळे हा त्रिकोण पुढील बाजूस निमुळता होत जातो. उतारावर किंवा ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, म्हणजे नेमका निमुळत्या भागाकडे जातो. त्याच वेळी वळण घेतले तर वाहन कलंडण्यास थोडेसे निमित्त पुरते. फुगीर टायर धक्का शोषून न घेता चेंडूप्रमाणे परतवितात, हाही त्यांचा एक दोष होता.

६. बाजारपेठेचा विस्तार आणि अपघात

१९७० च्या दशकात हे वाहन प्रामुख्याने मंद गतीच्या विहारासाठी व शेतकामासाठी वापरले जात असल्याने त्याचे दोष फारसे जाणवले नाहीत. १९८० च्या दशकात परिस्थिती झपाट्याने पालटली. अन्य कंपन्या बाजारात उतरल्या. वाहनांची शक्ती व वेग वाढला. १९८१ मध्ये होंडाने एटीसी २५० आर हे शर्यतीच्या धाटणीचे वाहन आणले. दुसरीकडे लहान आकाराची वाहने मुलांसाठी घेतली जाऊ लागली. तीन चाके म्हणजे स्थैर्य, अशी सामान्य पालकाची समजूत असणे स्वाभाविक होते. लहान मुलाला आपण तीनचाकी सायकल देतो, त्यामागेही हीच समजूत असते.

अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार, तीनचाकी व चारचाकी मिळून या प्रकारच्या वाहनांच्या अपघातांत जखमी होऊन रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत उपचार घेणाऱ्यांची संख्या १९८२ मध्ये सुमारे १० हजार होती. १९८५ व १९८६ या वर्षांत ती प्रतिवर्षी १ लाखाच्या वर गेली. जखमींमध्ये सोळा वर्षांखालील मुलांचा वाटा मोठा होता. मृतांमध्येही मुले होती. चारचाकींच्या तुलनेत तीनचाकींचा धोका अधिक असल्याचे आयोगाच्या विश्लेषणात आढळले.

मुलांच्या बाबतीत धोका अधिक असण्याचे कारण वरील विवेचनावरून स्पष्ट होते. ज्या वाहनाचे वळणे चालकाच्या शरीराच्या भारावर अवलंबून आहे, ते चालविण्यासाठी पुरेसे वजन, पुरेशी उंची आणि विचारपूर्वक हालचालीची क्षमता लागते. ३० किलोग्रॅम वजनाचे मूल बाहेरच्या पायटेकूवर कितीही रेटले तरी यंत्राचा भार हवा तसा हलवू शकत नाही. येथे मुलाचा निष्काळजीपणा गौण ठरतो, कारण रचनेने गृहीत धरलेला चालक आणि प्रत्यक्षातील चालक यांच्यातच अंतर पडलेले होते.

अखेर अमेरिकी शासन आणि होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलारिस या कंपन्या यांच्यात न्यायालयीन समझोता झाला. एप्रिल १९८८ मध्ये त्याला अंतिम मान्यता मिळाली. त्यानुसार नवीन तीनचाकी वाहनांची विक्री थांबविण्यात आली. मोठ्या आकाराची चारचाकी वाहने सोळा वर्षांखालील मुलांसाठी न विकणे, इशारे ठळकपणे देणे आणि खरेदीदारास प्रशिक्षण उपलब्ध करून देणे ही बंधनेही त्यात होती. आधी विकलेली वाहने परत घेऊन पैसे देण्याची सक्ती त्यात नव्हती आणि त्यावर टीका झाली. समझोत्याची दहा वर्षांची मुदत १९९८ मध्ये संपली. त्यानंतर २००८ च्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने नव्या तीनचाकींची आयात व विक्री पुन्हा रोखली.

या निर्णयाचे मूल्यमापन करताना एक बाब दृष्टीआड करता येत नाही. तीनचाकी गेली तरी अपघात थांबले नाहीत. आयोगाच्याच अंदाजानुसार २००१ मध्ये जखमींची वार्षिक संख्या पुन्हा १ लाखाच्या पुढे गेली होती आणि तेव्हा बाजारात नवीन वाहने चारचाकीच होती. चौथ्या चाकाने आधाराचा त्रिकोण चौकोनात बदलला, हे खरे. परंतु वाहनांची शक्ती, त्यांची संख्या आणि अप्रशिक्षित चालक हे घटक कायम राहिले.

७. वापरणाऱ्यांनी घडविलेली वाहने

आतापर्यंतच्या उदाहरणांत वाहन घडविणारा व ते चालविणारा वेगवेगळे होते. जेथे या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या, तेथे काय घडले हेही पाहणे उद्बोधक ठरेल.

रशियाच्या उत्तर भागात गोठलेल्या नद्या व सरोवरांवर मासेमारीसाठी जाणाऱ्यांनी मोटारसायकलीच्या जुन्या भागांपासून 'कराकात' नावाची तीनचाकी वाहने घरच्या घरी तयार केली. मोठ्या वाहनांच्या टायरमधील रबरी नळ्या फुगवून व पट्ट्यांनी आवळून त्यांची चाके केली जात. ती इतकी हलकी व फुगीर असतात, की पातळ बर्फ फुटला तरी वाहन पाण्यावर तरंगते. दाबाच्या प्रश्नाला होंडाने दिलेलेच उत्तर येथे स्वतंत्र गरजेतून, टाकाऊ वस्तूंतून दिले गेले. वेग मंद असे आणि आपल्या वाहनाच्या खोडी मालकाला पाठ असत.

भारतातील उदाहरण गुजरातमधील अमरेली जिल्ह्याचे आहे. तेथील मोटा देवळिया या गावचे मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ च्या सुमारास 'बुलेट सांती' तयार केली. सांती म्हणजे औत. अवर्षणाच्या काळात बैलजोडी सांभाळणे लहान शेतकऱ्याला परवडेना आणि ट्रॅक्टर त्याच्या आवाक्याबाहेर होता. जगाणी यांनी एनफिल्ड बुलेट मोटारसायकलीचा पुढील भाग तसाच ठेवून मागील चाकाच्या जागी दोन चाकांचा सांगाडा बसविला आणि त्याला शेतीची अवजारे जोडण्याची सोय केली. सऱ्या पाडणे, पेरणी, कोळपणी व फवारणी ही कामे या तीनचाकीने होऊ लागली. मागचा भाग काढून पुन्हा मूळ चाक बसविता येत असल्याने तेच वाहन रस्त्यावर मोटारसायकल म्हणून वापरता येते. २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने या शोधाची दखल घेतली. पुढे त्याला अमेरिकेतील पेटंटही मिळाले.

बुलेट सांती ही आडवाटेवरील वाहनच आहे, कारण नांगरलेले शेत ही भारतीय शेतकऱ्याची रोजची आडवाट होय. तिच्यात अतिरिक्त वेगाला वाव नाही. वाहन सरळ ओळीत मंद चालते, वळण शेताच्या बांधाजवळ येते आणि वळविणारा माणूस औत वळविण्यात मुरलेला असतो. रोकॉनप्रमाणेच येथेही यंत्राने चालकाकडून मागितलेले कौशल्य त्याच्या जीवनक्रमात आधीपासून होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. आडवाटेवरील वाहनाला पकड, दाब व वळण हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात. चाके कमी केली की वाहन हलके, स्वस्त व अरुंद होते, परंतु तिन्ही प्रश्न यंत्रानेच सोडविण्याची शक्यता कमी होते.

२. आर ७५ व केटनक्राड यांत वळणाचे बरेचसे काम यंत्राने केले. त्याची किंमत वजन, खर्च व देखभाल यांच्या रूपाने द्यावी लागली. नॉर्टन बिग फोर व होंडा एटीसी यांत ते काम चालकाकडे गेले. त्याची किंमत प्रशिक्षणाच्या रूपाने देणे आवश्यक होते.

३. नॉर्टनच्या बाबतीत वाहन नागरिकांकडे जाताना धोकादायक भाग काढून टाकण्यात आला. तीनचाकी एटीसीच्या बाबतीत याच्या उलट घडले. चालकाचे वय व अनुभव कमी होत गेले आणि यंत्राचा वेग वाढत गेला. १९८० च्या दशकातील जीवितहानीचे मूळ या विसंगतीत आहे.

४. सदोष वाहनाची विक्री थांबविणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते. चाकांची संख्या बदलली तरी अप्रशिक्षित चालक व अतिरिक्त शक्ती यांची सांगड तशीच राहिली, तर अपघातही राहतात.

या निष्कर्षांना स्थानिक संदर्भही आहे. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांवर आणि थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फेरीसाठी फुगीर टायरची चारचाकी वाहने भाड्याने दिली जातात. अशा लहान वाहनांपैकी अनेकांत मागील आस अखंडच असतो. काही मिनिटांच्या फेरीसाठी बसणाऱ्या पर्यटकाला, त्याच्या पुढे बसविलेल्या मुलाला, हे वाहन हँडलइतकेच शरीराच्या भाराने वळते, याची कल्पना नसते. शिरस्त्राण, वेगमर्यादा व वयाची अट यांबरोबरच वळण कसे घ्यावे याचे दोन मिनिटांचे प्रात्यक्षिक ही येथील किमान गरज आहे.

अभियांत्रिकी, वाणिज्य व कायदा या विद्याशाखांच्या अध्यापनात एटीसीचे उदाहरण म्हणूनच उपयुक्त ठरेल. यंत्राच्या आराखड्यात प्रत्येक भागाचे माप दिलेले असते. त्या आराखड्याने कोणता चालक गृहीत धरला आहे, हे मात्र बहुधा कोठेच लिहिलेले नसते. ते लिहिले जावे, विक्रेत्याने ते वाचावे आणि ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगावे, एवढी अपेक्षा या इतिहासाच्या आधारे निश्चितच करता येते.